‘कमिट ॲक्सेस’ विकत मिळत नाही, आणि सुरुवातीला तो लागतही नाही

गेल्या रविवारी ठाण्याहून माझ्या भाचीने व्हॉट्सॲपवरचा एक संदेश मला पाठवला आणि खाली एवढेच विचारले, “मामा, पैसे भरू का?” ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तोच संदेश आदल्या आठवड्यात ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या गटावरही फिरत होता आणि मी तो न वाचताच सोडून दिला होता. ती चूक झाली.

संदेशातला दावा थोडक्यात असा. ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, प्रकल्पाच्या रिपॉझिटरीत (कोडच्या सामाईक साठ्यात) काम करायचे तर आधी ‘कमिट ॲक्सेस’, म्हणजे तिथे थेट बदल लिहिण्याचा अधिकार, लागतो आणि तो सामान्य विद्यार्थ्याला मिळत नाही. परवानगीवाचून कोड उतरवून घेणे हा कॉपीराइटचा भंग आहे. एकदा कोड दिला की त्यावरचा आपला हक्क संपतो. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर कामाची नोंद दाखवणारे शंभर हिरवे चौकोन भरले की कॅम्पस मुलाखतीत निवड पक्की. आणि हे सारे कोणी एक ‘सर’ २,४९९ रुपयांत करून देतील. आपण फक्त आपल्या गिटहब खात्याचे टोकन, म्हणजे पासवर्डसारखी गुप्त अक्षरमाला, त्यांना द्यायचे.

कोड उतरवून घेण्याच्या मुद्द्यावर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. जीपीएल असो वा एमआयटी, ओपन सोर्स परवाना हीच लेखी परवानगी असते आणि ती सर्वांना आधीच दिलेली असते.

‘कमिट ॲक्सेस’चा मुद्दा मात्र मुळातच उलटा मांडला आहे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन लिहिले ते लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, कामासाठी, आणि त्याची रचनाच अशी आहे की प्रत्येकाकडे इतिहासासकट संपूर्ण प्रत असते. आपल्या प्रतीत काय बदलायचे ते कोणालाही विचारावे लागत नाही. कर्नलच्या मुख्य रिपॉझिटरीत हजारो लोकांचे काम पोहोचते, पण त्यांतल्या जवळजवळ कोणालाही तिथे थेट लिहिता येत नाही. ते आपला पॅच (बदलाचा मजकूर) ईमेलने पाठवतात, आणि कोणत्या भागाचा पॅच कोणाकडे पाठवायचा हे ‘मेंटेनर्स’ नावाच्या फाइलमध्ये लिहिलेले असते. गिटहबवर हेच काम फोर्क (आपली स्वतंत्र प्रत), ब्रँच (तिच्यातली बदलांची वेगळी शाखा) आणि पुल रिक्वेस्ट (बदल घेण्याची विनंती) या मार्गाने होते. सोसायटीच्या सभेत सूचना मांडायला कोणी आधी सचिवपद मागत नाही. तिथे निदान सभासद तरी असावे लागते, इथे तेही लागत नाही. बदल मर्ज करायचा, म्हणजे मूळ कोडमध्ये घ्यायचा, की नाही, हे मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, ठरवतो. वर्ष-दोन वर्षे नीट काम केलेल्या माणसाला पुढे तो अधिकार मिळू शकतो, एवढाच या दाव्यातला खरा अंश आहे.

हक्क संपतो या दाव्यातही अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. ग्नू ईमॅक्स या मजकूर-संपादकासारख्या प्रकल्पाला मोठा बदल द्यायचा तर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे कॉपीराइट हस्तांतराचा कागद करावा लागतो, आणि काही कंपन्यांचे प्रकल्पही वेगळ्या करारावर सही मागतात. पण तो सर्वसाधारण नियम नव्हे. कर्नलमध्ये प्रत्येकाचा कॉपीराइट त्याच्याकडेच राहतो.

आता टोकन. सगळ्यात घातक मुद्दा हाच आहे, आणि भाचीने पैसे भरले नसले तरी टोकन ‘पडताळणीसाठी’ तीन दिवस आधीच पाठवून दिले होते. गिटहबने ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामासाठी पासवर्ड स्वीकारणे बंद केले, तेव्हापासून पासवर्डच्या जागी टोकन ही किल्ली आहे. ज्याच्या हाती ती असेल तो, तिला दिलेल्या अधिकारांच्या मर्यादेत, तुमच्या नावाने काहीही करू शकतो. कर्नलच्या पॅचखाली जी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ लिहावी लागते, तिच्यामागे २००४ सालापासून ‘डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन’ नावाचे छोटे प्रतिज्ञापत्र आहे. हे काम मी केले आहे किंवा ते त्या परवान्याखाली देण्याचा मला अधिकार आहे, आणि माझ्या नावासकट ही नोंद सार्वजनिक राहून कायम जपली जाईल हे मला मान्य आहे, असे त्यात सही करणारा सांगतो. इतर अनेक प्रकल्पांनीही हेच प्रतिज्ञापत्र स्वीकारले आहे. मग ‘सरां’नी तुमच्या नावाने केलेल्या कामाखाली ही ओळ गेली, तर ती खोटी सही ठरते, आणि ती पुसताही येत नाही.

शिवाय जुन्या, कामसू दिसणाऱ्या खात्यांचे मोल कोणाला असते, हे २०२४ च्या मार्चमध्ये दिसले. ‘जिया टॅन’ या नावाच्या खात्याने दोनेक वर्षे इमानाने काम करून एक्सझेड या फाइल आकुंचित करणाऱ्या साधनाच्या प्रकल्पात मेंटेनरचा अधिकार मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा घुसवला. एसएसएचने (दूरच्या संगणकात सुरक्षित प्रवेश देणाऱ्या साधनाने) लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा आंद्रेस फ्रॉइंड यांनी माग काढला म्हणून तो उघडकीला आला. विद्यार्थ्यांच्या खात्यांच्या किल्ल्या गोळा करणाऱ्याला मी तरी भाबडा शिक्षक मानणार नाही.

हिरव्या चौकोनांविषयी दोनच गोष्टी. कमिटची, म्हणजे नोंदवलेल्या बदलाची, तारीख लिहिणाराच ठरवू शकतो, त्यामुळे मागच्या वर्षभराचे चौकोन एका दुपारीत रंगवता येतात. जाणकार मुलाखतकार चौकोन मोजत नाही, कमिट उघडून वाचतो. आणि २०२० च्या हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स उपक्रमात टी-शर्टासाठी रीडमी (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या) फाइलमध्ये एखादा शब्द घुसडणाऱ्या पुल रिक्वेस्टांचा असा पूर आला, की संयोजकांना काही दिवसांतच नियम बदलून, जे प्रकल्प स्वतःहून सहभागी होतील तेवढेच घ्यावे लागले.

भाचीला फोनवरच सेटिंग्जमध्ये नेऊन टोकन रद्द करायला लावले, एसएसएच किल्ल्यांची यादी तपासली आणि सिक्युरिटी लॉग (खात्यातल्या हालचालींची नोंद) वाचायला सांगितला. त्या तीन दिवसांत तिच्या खात्यातून दोन अनोळखी रिपॉझिटरींकडे पुल रिक्वेस्ट गेल्या होत्या. दोन्हींत रीडमीच्या तळाशी तिचे नाव जोडण्यापलीकडे काही नव्हते. तिने त्या बंद केल्या आणि दोन्ही मेंटेनरांना, काय घडले ते सांगून, माफीचे चार शब्द लिहिले.