लोखंडी गाडीचं कौतुक

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरून फिरून येतो. डावीकडे १९६० च्या दशकातली पोर्शे ९११ ही स्पोर्ट्स कार, उजवीकडे आजची. खाली मजकूर: ‘जुनी म्हणजे अस्सल लोखंड, नवी नुसता पत्रा. जुनीत धडक बसली तरी माणूस सुखरूप. जुनी माणूस चालवायचा, नवी कम्प्युटर चालवतो. जुनी एका पान्यावर दुरुस्त होते.’ माझ्याकडे बाबांची प्रीमियर पद्मिनी आहे, कुर्ल्याच्या कारखान्यातली. त्यामुळे मी मान डोलावणार, असं सगळे धरून चालतात.

लोखंडाचं आधी. पहिली ९११ साधारण १०८० किलोची होती, आजची ९११ करेरा दीड हजारांच्या घरात. जड कोण झालं?

‘सुखरूप’ हा शब्द मात्र मला खरंच खटकतो. २००९ साली अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या संस्थेनं १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची मालिबू ताशी ६४ किलोमीटर वेगानं एकमेकींवर आदळवल्या. धिप्पाड बेल एअरची बसायची जागाच चेपली, सगळा सांगाडा चालकाच्या पुतळ्यावर आला. मालिबूचं नाक चेचलं, आतली जागा शाबूत राहिली. नाक त्यासाठीच असतं; धक्का पत्र्यानं खायचा, बरगड्यांनी नाही. माझ्या पद्मिनीत ना एअरबॅग, ना ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस, चारही चाकांना ड्रम ब्रेक. पावसाळ्यात हिंदमाताच्या पाण्यातून बाहेर पडलं की ड्रम ओले. पहिले तीन-चार वेळा पाय दाबला तरी गाडी नुसतं ऐकल्यासारखं करते. पुढे बेस्टची बस असली की देव आठवतो.

‘माणूस चालवायचा’ यातही गंमत आहे. जुन्या ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. वळणावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की शेपूट फिरायची. कंपनीनंच १९६९ च्या मॉडेलपासून पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ५७ मिलिमीटरनं वाढवलं. आपण जिला मर्दुमकी म्हणतोय, ती बनवणाऱ्यालाच खोड वाटत होती.

पान्याचं खरं आहे. मे महिन्यात लालबागला पद्मिनीच्या इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपात वाफ धरली, तेव्हा ओलं फडकं गुंडाळून, उसाचा रस पिऊन मी निघालो. आजच्या गाडीला बिघाड शोधायलाच स्कॅनर लागला असता. पण पाना इतक्यांदा का लागतो, ते फॉरवर्डवाला लिहीत नाही.

जुन्या गाडीच्या बाजूनं बोलायचंच तर वेगावर बोला. कोस्टल रोडवर मर्यादा ८०, बोगद्यात ६०. नवी करेरा चारेक सेकंदांत शंभरला जाते, म्हणजे गिअर बदलून मजा यायच्या आत चलान. माझी पद्मिनी ८० ला जिवाच्या आकांतानं पळते, काचा थरथरतात, पेट्रोलचा वास येतो, आणि मला वाटतं मी शर्यत जिंकतोय. तेवढ्यात शेजारून एखादी ओला निघून जाते, मागे बसलेला मोबाइल बघत असतो.