पॉझिट्रॉन अणूला गिळतो म्हणे!

आत्याचा पेट स्कॅन (पॉझिट्रॉनच्या मदतीने शरीराचं चित्र काढणारी तपासणी) ठरलाय आणि नेमका आत्ताच तिच्या फोनवर हा फॉरवर्ड येऊन पडला: ‘पॉझिट्रॉन हे प्रतिद्रव्य. शिवताक्षणी अणू नष्ट. निसर्गात नसलेली ही वस्तू एक ग्रॅम असली तरी हिरोशिमापेक्षा भयंकर, आणि तीच तुमच्या शिरेत टोचतात!’ आत्या आता स्कॅनच नको म्हणतेय. नाहीतर असल्या मजकुराकडे मी ढुंकूनही पाहिलं नसतं.

‘शिवताक्षणी अणू नष्ट’ हा तर कहर आहे. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचंच धनभार असलेलं प्रतिरूप, आणि अणुकेंद्रावरही धनभार. केंद्र त्याला लांबच ठेवतं. पॉझिट्रॉनबरोबर नाहीसा होतो तो एक इलेक्ट्रॉन, अख्खा अणू नव्हे. आणि तेही सहजी होत नाही. हीलियम घ्या. त्याचा इलेक्ट्रॉन पळवून पॉझिट्रॉनियम (पॉझिट्रॉन-इलेक्ट्रॉनची जोडी) बनवायला पॉझिट्रॉनकडे किमान १७.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा लागते. एक-दोन इलेक्ट्रॉन व्होल्टचा पॉझिट्रॉन अणूवर आदळून नुसता दिशा बदलतो. अशा हजारो टकरा व्हाव्यात तेव्हा कुठे जोडी न बनवताच एखाद्या इलेक्ट्रॉनबरोबर तो थेट नाहीसा होतो. गंमत म्हणजे दोन इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास केंद्राचं ढकलणं आणि पॉझिट्रॉनकडे झुकलेल्या इलेक्ट्रॉन-ढगाचं ओढणं एकमेकांना जवळपास खोडून काढतात, आणि पॉझिट्रॉन हीलियममधून फारसा न अडता निघून जातो. शिवताक्षणी म्हणे!

एक मात्र कबूल करावं लागेल. मोठ्या हायड्रोकार्बन रेणूंची गोष्ट वेगळी. तिथे पॉझिट्रॉन आपली ऊर्जा रेणूच्या कंपनांना देऊन काही काळ अडकून पडतो, आणि इलेक्ट्रॉनांच्या संख्येवरून अपेक्षित असतं त्याच्या हजारो पट जास्त वेगाने नाहीसा होतो. ग्रिबाकिन, यंग आणि सर्को या भौतिकशास्त्रज्ञांचा २०१० चा ‘रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स’मधला लेख याच विषयावर आहे. पण तिथेही हिशेब एकास एकच: एक पॉझिट्रॉन, एक इलेक्ट्रॉन. फार तर तो रेणू तुटतो.

ग्रॅमचं गणित बरोबर आहे, पण ग्रॅम आणायचा कुठून? पेट स्कॅनसाठी सहसा टोचतात ते पॉझिट्रॉन सोडणारं फ्लोरिन-१८. ते ३७० मेगाबेकेरल (किरणोत्साराचं एकक) घेतलं आणि पूर्ण विघटित झालं, तर साधारण साडेतीन लाख कोटी पॉझिट्रॉन निघतात. त्या सगळ्यांच्या नाहीसं होण्यातून मिळणारी ऊर्जा एक ज्यूलसुद्धा भरत नाही, आणि तिचाही बराच भाग गॅमा किरणांवाटे शरीराबाहेर जातो; स्कॅनरला तेच तर हवे असतात. किरणोत्साराचा डोस मिळतो हे खरं. तो किती, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

‘निसर्गात नसलेली’? कार्ल अँडरसन यांना १९३२ साली पॉझिट्रॉन सापडला तो विश्वकिरणांतच. आणि आपल्या शरीरातलं पोटॅशियम-४० अधूनमधून पॉझिट्रॉन सोडतच असतं, फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्याही.