अण्णांची मुद्रा

सकाळपासून डोकं फिरलंय. अण्णांच्या वर्षश्राद्धानिमित्त मी चार ओळी लिहिल्या. ताईच्या लेकाने त्या कुठल्याशा ॲपमधून इंग्रजी करून फॅमिली ग्रुपवर टाकल्या, परदेशातल्या सुनांना कळावं म्हणून. मी लिहिलं होतं, 'अण्णांची गंभीर मुद्रा अजून डोळ्यांसमोर आहे.' तिथे झाली 'सीरियस करन्सी'! अहो, माणूस पोस्टात होता, टांकसाळीत नव्हता.

खाली सात अंगठे. म्हणजे वाचलं कुणीच नाही.

आता मान्य, मुद्रा म्हणजे नाणंही. सुवर्णमुद्रा आपणच म्हणतो. पण म्हणून माणसाचा चेहराच गायब?

बारावीनंतर मला पुण्याला शिकायला जायचं होतं. अण्णा जेवत असताना कसंबसं सांगितलं. आमटीभात कालवणारा हात थांबला. कपाळावर एक आठी. आई माझ्याकडे बघेचना. मग आठी विरली, हात पुन्हा कालवायला लागला. झालं! दुसऱ्या दिवशी आईने माळ्यावरची ट्रंक काढली.

चेहऱ्यावरचा भावही मुद्रा आणि शिक्काही मुद्रा, ते उगाच नाही. महाराजांच्या पत्रावर माथ्याला 'प्रतिपच्चंद्रलेखेव...' ही मुद्रा आणि शेवटी 'मर्यादेयं विराजते' हे मोर्तब. मजकूर तिथे संपला, पुढे कुणी काही घुसडायचं नाही. शिक्कामोर्तब म्हणतो ते हेच. आमच्याकडे दोन्ही त्या एका कपाळावर व्हायचं. दिवसभर पोस्टात पाकिटांवर ठपाठप शिक्के मारणारा माणूस घरी मात्र शब्द वाया घालवत नसे.

छपाईतल्या चुकीला मुद्राराक्षस म्हणतात. तो आता फोनमध्ये राहायला आलाय, एवढंच.

बरं, एकदा तोंडाने 'जा' म्हणाले असते तर काही बिघडलं नसतं, हेही खरं. हात थांबला ते दहा-पंधरा सेकंद असतील, मला आजही आमटीचा वास आला की पोटात गोळा येतो. आणि माझी आठी विरली तरी. ताईला नाटकात काम करायचं होतं. तिच्या वेळी अण्णा तसेच पानावरून उठले. पुन्हा विषय निघाला नाही.

पोराला फोन करून झापलं. बिचारा म्हणाला, "मावशी, मग इंग्रजीत काय लिहू?" मला सांगता येईना.

हे लिहीत असतानाच ग्रुपवर ताईचा मेसेज आला : 'बरोबरच आहे की त्याचं. आपल्या घरात तेवढं एकच चलन चालायचं.'

काय बोलणार. मीही अंगठाच टाकला.