पुनर्वसन वसाहतींतला क्षयरोग : एका आक्षेपाचे उत्तर

मुंबईतल्या मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत क्षय पसरण्यास इमारतींची दाटीवाटीची मांडणी कारणीभूत आहे, असे मी एका लेखात म्हटले होते. त्यावर आपण लिहिले आहे की, ‘हे लोक झोपडपट्टीतूनच आजार घेऊन आले, सरकारने फुकट पक्के घर दिले, आत संडास दिला, खिडक्या हेच बंद ठेवतात, आणि तरी दोष इमारतीचा?’ यातील पहिला मुद्दा लिहिताना मलाही सतावत होता, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो.

‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या ज्या पाहणीचा मी आधार घेतला, तिचे बळ तुलनेत आहे. नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तिन्ही वसाहती महापालिकेच्या एम-पूर्व विभागातल्या, आणि तिन्हींत पुनर्वसित कुटुंबेच राहतात. पहिल्या दोन ठिकाणी साधारण दहा-बारा घरांमागे एका घरात क्षयाचा रुग्ण आढळला, पीएमजीत शंभर घरांमागे सुमारे एका घरात. आजार केवळ सोबत आला असता, तर एवढी तफावत पडण्याचे कारण सांगणे कठीण आहे. मांडणीतला फरक मात्र उघड दिसतो : नटवर पारेखमध्ये दोन इमारतींत जेमतेम 3 मीटर अंतर आहे, तर पीएमजीत मोकळी जागा बरीच अधिक. क्षयाचे जंतू हवेत तासन्‌तास तरंगू शकतात. वारा खेळत नसेल तर ते खोलीतच साचतात.

खिडक्या बंद असतात हे खरे आहे. पहिल्या मजल्यावरच्या एका घरात मी भर दुपारी बसलो होतो, तेव्हा ट्यूबलाइट चालू होती. खिडकी उघडताच समोरच्या घरातील माणूस हात लांबवल्यास लागेल इतका जवळ भासला, आणि खालच्या बोळात वरच्या मजल्यांवरून पडलेल्या कचऱ्याचा भपकारा आला. त्या घरातल्या बाईंनी काही न बोलता खिडकी लावून घेतली. (मीही तेच केले असते.)

आपली एक बाजू मात्र मान्य करायला हवी. ही पाहणी फक्त एका वेळची स्थिती टिपणारी असल्याने, इमारतींमुळेच क्षय झाला असा कार्यकारणभाव तिच्यातून सिद्ध होत नाही. ‘इमारतींनी दिलेला क्षय’ हे माझे शीर्षक पुराव्याच्या पुढे गेले होते, ते आज बदलले आहे. घरातल्या संडासामुळे, विशेषतः बायकांची, मोठी सोय झाली, हेही मूळ लेखात यायला हवे होते. पण पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांत सवलत मिळाली ती तेवढ्याच जमिनीवर अधिक घरे बसावीत म्हणून, आणि तो निर्णय रहिवाशांना विचारून झालेला नव्हता.