दोन टक्के शिल्लक

आमच्या घरचा सर्व्हर म्हणजे निवृत्त झालेल्या एका जुन्या संगणकाला पुस्तकांच्या कपाटाखाली मिळालेली रखवालदाराची नोकरी आहे. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. घरातले फोटो, चित्रफिती आणि ‘असू दे, कधीतरी लागेल’ या सदरात मोडणारा सर्व ऐवज निमूटपणे सांभाळायचा, एवढेच त्याचे काम. एके सकाळी त्याने दोनच टक्के जागा शिल्लक असल्याचे कळवले. अशा वेळी शहाण्या माणसाने नको असलेल्या फायली पुसाव्यात. मी नवी हार्ड डिस्क मागवायचे ठरवले, कारण पुसायचे म्हटले की निर्णय घ्यावा लागतो. डिस्क घ्यायला निमित्त पुरते.

डिस्क निवडण्यात तीन रात्री गेल्या. काही डिस्कांमध्ये माहितीचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. त्यामुळे मधलेच एक कौल बदलायचे झाले, तर पुढची कौलेही उचलून पुन्हा बसवावी लागतात आणि भरपूर लिहिण्याची वेळ आली की अशा डिस्कचा वेग बैलगाडीवर येतो. हे ज्ञान झाल्यावर मी अर्थातच कौले नसलेली आणि महाग असलेली चार टेराबाइटची डिस्क पसंत केली. खर्चाचे समर्थन म्हणून पत्नीला सांगितले की १९५६ साली आयबीएमने आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये ५० तबकड्या होत्या, ते धूड सुमारे एक टन वजनाचे होते आणि एवढे असून त्यात जेमतेम पाच मेगाबाइट मावत. “कपाटाखाली मावली नसती ना?” ती म्हणाली. “फार चांगली डिस्क होती मग.”

डिस्क बसवणे हे वीस मिनिटांचे काम आहे, असे ते न केलेली माणसे सांगतात. साडेतीन इंची डिस्कला जाड आट्यांचे स्क्रू लागतात आणि माझ्या डबीत सगळे बारीक आट्यांचे निघाले. शेवटी जुन्या पिंजऱ्यातून चार जाड स्क्रू काढले. त्यांतला एक हातातून निसटला, मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जिथे जोडलेले असतात त्या मुख्य पाटीवर, टणकन आपटला आणि वीजपुरवठ्याच्या पेटीखाली गडप झाला. तोंडात टॉर्च धरून मी संगणक उचलला आणि तान्ह्या मुलाला ढेकर काढायला उभे धरावे तसा हलवला. स्क्रू बाहेर आला. सोबत कित्येक वर्षांची धूळही आली, आणि ती थेट माझ्या टॉर्च धरलेल्या तोंडात आली.

केबल जोडून संगणक चालू केला, तर डिस्कचा पत्ताच नाही. केबल बदलली, खाच उलटी तर बसली नाही ना ते पाहिले, डिस्कला कान लावला. आत जात्यासारखी मंद घरघर ऐकू येत होती, म्हणजे बाई घरात होत्या, फक्त ओ देत नव्हत्या. दोन तासांनी मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांतली एक तळटीप सापडली: एम-डॉट-टू खाचेत काही बसवले असल्यास पाचवा आणि सहावा पोर्ट (डिस्कची केबल लावायची जागा) बंद राहील. त्या खाचेत दोन वर्षांपूर्वी बोटाएवढी एसएसडी, म्हणजे तबकड्या नसलेली डिस्क, मीच मोठ्या कौतुकाने बसवली होती आणि नवी डिस्क नेमकी बंद पोर्टाला जोडली होती. उरलेल्या चार पोर्टांपैकी एक सीडी ड्राइव्हने अडवला होता. कैक वर्षांत न उघडलेले त्याचे तोंड पिनेने उघडले, तेव्हा आतून एक सीडी निघाली आणि तिच्यावर माझ्याच अक्षरात ‘बॅकअप – अतिशय महत्त्वाचे’ असे लिहिलेले होते. ती बाजूला ठेवली, ड्राइव्हला नारळ दिला आणि त्याची केबल डिस्कला लावली.

डिस्क दिसली. मग तिची परीक्षा. पूर्ण डिस्कवर चार वेगवेगळे नमुने लिहायचे आणि प्रत्येक वेळी ते परत वाचून ताडायचे, म्हणजे एकूण आठ फेऱ्या. एका फेरीला सात-साडेसात तास. अडीच दिवस कपाटाखालून करकर येत होती आणि घरात कोणालाही मोठ्याने चालण्याची परवानगी नव्हती. परीक्षेत ती उत्तीर्ण झाली, पण मोजमापात घटली. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो आणि संगणक १,०२४ च्या, त्यामुळे चाराचे ३.६४ झाले, त्यातूनही ईएक्सटी-फोर या फाइल व्यवस्थेने पाच टक्के जागा प्रशासकासाठी राखून ठेवली. आमच्या घरी प्रशासक मीच, तरीही मला मीच दिलेले हे आरक्षण रद्द करायला आणखी एक आज्ञा शोधावी लागली.

शेवटी, संगणक चालू होताच डिस्क आपोआप जोडली जावी म्हणून तिची नोंद एफएस-टॅब या फायलीत करायची होती. डिस्कचा ओळखक्रमांक छत्तीस चिन्हांचा असतो. तो नकलून न घेता मी बाणेदारपणे हाताने टंकला आणि त्यात आठाच्या जागी बी लिहिले. सर्व्हरने दीड मिनिट त्या अस्तित्वात नसलेल्या डिस्कची वाट पाहिली आणि मग सगळेच काम थांबवून तो आणीबाणीच्या अवस्थेत जाऊन बसला. ‘नोफेल’ एवढा एक शब्द त्या ओळीत असता, तर डिस्क सापडली नाही तरी त्याने पुढचा संसार चालू ठेवला असता. आता मॉनिटर आणि कळफलक कपाटापर्यंत ओढून आणणे भाग होते. “घरातले सगळे फोटो गेले का?” या प्रश्नाला, जमिनीवर पालथे पडून, “गेले नाहीत, फक्त दिसत नाहीत,” असे उत्तर देताना माझा आवाज मलाच पटला नाही.

बीचा आठ केला आणि सर्व्हर उठला. रात्री मी ती सीडी बाहेरच्या ड्राइव्हमध्ये घालून उघडली. तिच्यावर जे फोटो होते तेच सर्व्हरवर ‘जुने’, ‘जुने २’ आणि ‘जुने – नीट लावायचे आहे’ या तीन फोल्डरांत आधीपासून होते. आता जागेला तोटा नव्हता. मी ‘जुने ३’ नावाचा फोल्डर केला आणि सीडी त्यात उतरवून घेतली.