रस्ता आपल्या बापाचा कसा करावा

अभिनंदन. फ्लॅटचा ताबा मिळाला, वास्तुशांत झाली, गृहकर्जाचा पहिला हप्ताही गेला. आता खऱ्या मालमत्तेकडे वळू. आतल्या कारपेट एरियाचे तुम्ही पैसे मोजलेत, त्यात कसलं आलंय कर्तृत्व? कर्तृत्व दाखवायचं ते सोसायटीच्या कंपाउंडच्या बाहेर. तिथून रस्त्याच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्यापर्यंतची जागा मोकळी पडलेली आहे आणि तिला स्टॅम्प ड्युटी लागत नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी ऐकून घ्या, म्हणजे दुर्लक्ष नेमकं कशाकडे करायचं ते कळेल. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 सालचा आहे. त्याच्या मते सार्वजनिक रस्ता महापालिकेकडे निहित, म्हणजे तिच्या ताब्यात असतो, आणि त्यावर कोणी अडथळा होईल असं काही उभं केलं तर आयुक्तांना ते नोटीससुद्धा न देता काढून टाकता येतं. घाबरलात? काढता येतं असं लिहिलंय, काढतात असं कुठे लिहिलंय?

सुरुवात कुंडीने करावी. नवखे लोक थेट दगड ठेवतात आणि पहिल्याच आठवड्यात भांडण ओढवून घेतात. दगड म्हणजे अतिक्रमण, कुंडी म्हणजे पर्यावरण. त्यातून कुंडीत तुळस असेल तर ती बाजूला सरकवून गाडी लावायची कोणाची छाती आहे? महिनाभराने कुंड्यांच्या मधोमध रंगाचा रिकामा डबा आणा, त्यात सिमेंट कालवून ओता, मधे लोखंडी पाइप उभा करा. असे दोन डबे झाले की साखळी बांधा. साखळीला कुलूप लावलं की रजिस्ट्रेशन पूर्ण झालं असं समजायला हरकत नाही.

मग पाटी. ‘गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल, हुकुमावरून.’ हुकूम कोणाचा, हे पुण्यात कोणी विचारत नाही. एखाद्या रस्त्यावर नो पार्किंग करायचं तर वाहतूक पोलिसांना रीतसर आदेश काढावा लागतो. तुम्हाला एका फ्लेक्सवाल्याचा नंबर पुरतो. गंमत म्हणजे दुसऱ्याच्या गेटच्या तोंडाशी गाडी लावायला नियमांत मुळातच मनाई आहे, त्यासाठी पाटी लागतच नाही. पाटी लागते ती गेटच्या डावी-उजवीकडच्या पंधरा-पंधरा फुटांसाठी, जे गेट नाहीत. तिथे तुमची दुसरी गाडी राहील. रस्त्यावर पी1, पी2 असेल, म्हणजे सम तारखेला या बाजूला आणि विषम तारखेला त्या बाजूला, तर तो नियम येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी आहे. तुमच्या गाडीवर चंदेरी कव्हर घाला. कव्हर घातलं की ते वाहन राहत नाही, स्थावर होतं.

कोणी हटकलंच तर एकच वाक्य पाठ ठेवा: “आम्ही टॅक्स भरतो.” हे वाक्य मोठ्याने आणि पहिल्यांदा म्हणणाऱ्याचा विजय ठरलेला. समोरचा माणूसही टॅक्स भरत असेल, हे त्याला सुचेपर्यंत तुम्ही गाडीची काच वर केलेली असते. गाडी घेताना आरटीओमध्ये भरलेला तो कर राज्य सरकारच्या तिजोरीत जातो, महापालिकेच्या नाही, आणि कुठल्याच पावतीवर ‘सोबत 12 बाय 6 फूट रस्ता मोफत’ असं छापलेलं नसतं. असल्या तपशिलात शिरणाऱ्या माणसाला सोसायटीच्या कमिटीत घेऊ नका.

आता फूटपाथ. इंडियन रोड काँग्रेस नावाची एक संस्था रस्त्यांची मापं ठरवते. तिच्या हिशेबाने फूटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी, आणि त्याची उंची रस्त्यापासून 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे आजीला गुडघ्यावर हात न टेकता चढता येईल. मे 2025 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की, वापरण्याजोगा फूटपाथ हा पादचाऱ्यांचा घटनेच्या 21 व्या कलमातला, म्हणजे जगण्याच्या हक्कातलाच हक्क आहे. पुणे महापालिका याबाबतीत आधीपासूनच जागरूक. 2021 पासून दर 11 डिसेंबरला ती पादचारी दिन साजरा करते. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग गाड्यांना बंद असतो आणि माणसं रस्त्याच्या मधून चालतात, फोटो काढतात. उरलेले 364 दिवस कोणाचे, ते वेगळं सांगायला नको.

पण फूटपाथचा खरा उपयोग म्हणजे रॅम्प. तुमच्या बिल्डरने पार्किंगची जमीन रस्त्यापेक्षा दीड फूट उंच घेतली असणार, आणि उतार काढायला आत जागा ठेवली नसणार, कारण तिथे त्याने दुकान काढून विकलं. साहजिकच उतार बाहेर येतो. फूटपाथ फोडायचा, काँक्रीट गेटपासून थेट डांबरापर्यंत आणायचं, आणि ओलं असतानाच त्यात सुंभ दाबून आडव्या रेघा काढायच्या, म्हणजे पावसात चाकं घसरत नाहीत. अशा प्रत्येक रॅम्पवर मांजराच्या पावलांचा एक ठसा असतोच. बांधकाम झाल्याची तेवढीच शासनबाह्य नोंद. रॅम्पखालून पावसाळी गटार जातं. त्याच्यासाठी चार इंची पीव्हीसी पाइप टाका. गटार दीड फूट रुंद होतं, पाइप चार इंची आहे, तेव्हा उरलेल्या पाण्याने समजूतदारपणा दाखवावा अशी अपेक्षा ठेवा. पहिल्या वर्षी त्या पाइपात गुटख्याच्या पुड्या जातात, दुसऱ्या वर्षी अर्धी वीट, तिसऱ्या वर्षी कोणाची तरी निळी स्लीपर. त्यानंतर पाणी पाइपाचा नाद सोडतं.

रॅम्पवर एक दैवी संकट येऊ शकतं, तेही सांगून ठेवतो. दर निवडणुकीच्या तोंडावर रस्त्यावर डांबराचा नवा थर पडतो. आधीचा थर खरवडून काढून मग नवा टाकायचा, अशी पद्धत आहे. पण खरवडायला वेळ लागतो आणि आचारसंहिता थांबत नाही. म्हणून थरावर थर चढतात, रस्ता वर येतो, आणि एका पावसाळ्यात तुमच्या लक्षात येतं की आपला रॅम्प आता उलटा झालाय: उतार बाहेरून आत. पार्किंगमध्ये पाणी, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी. अशा वेळी व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘प्रशासन झोपलंय का?’ असा मेसेज टाका. त्याखाली बारा अंगठे येतील. पाणी हटणार नाही, पण एकटेपणा जाईल.

काही उत्साही मंडळी पाणी साचलं की पहार घेऊन ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण उघडतात. ही सर्वांत लोकप्रिय गैरसमजूत असल्याने तिचा मान ठेवून बोलतो. आपल्याकडे जमिनीखाली दोन वेगळ्या वाहिन्या अपेक्षित असतात: एक मैलापाण्याची आणि एक पावसाच्या पाण्याची. रस्त्याच्या कडेला जाळी दिसते ती पावसाळी. मधे गोल झाकण दिसतं ते बहुधा मैलापाण्याचं. तुम्ही जाळीवर रॅम्प बांधलात, म्हणून पाणी साचलं. साचलं म्हणून गोल झाकण उघडलंत. आता अख्ख्या रस्त्याचा पाऊस मैलावाहिनीत शिरतो, ती तुंबते, आणि उताराला राहणाऱ्यांच्या तळमजल्यावरच्या संडासातून वर येते. ते उताराला राहतात हा त्यांचा निर्णय.

झाकण उघडल्यावर तिथे झाडाची फांदी खोचायची पद्धत आहे. फांदी वाहून जाते. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात मुंबईत एक नामवंत डॉक्टर हॉस्पिटलमधून घरी निघाले होते. गाडी सोडून साचलेल्या पाण्यातून चालत असताना ते उघड्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी ते वरळीला सापडले. पुढे पोलिसांनी झाकण उघडल्याच्या आरोपावरून अटक केली ती जवळच्याच रहिवाशांना. पाणी लवकर ओसरावं एवढाच हेतू होता, म्हणे. हेतू सगळ्यांचाच चांगला असतो, तुळशीच्या कुंडीचाही.

पुढचा विषय हलका आहे. स्पीडब्रेकर. मुलं खेळतात, गाड्या भरधाव येतात, महापालिका अर्जाला उत्तर देत नाही. हे तिन्ही खरं आहे. तेव्हा रॅम्पचं उरलेलं काँक्रीट वाया घालवू नका. मापाचा स्पीडब्रेकर 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा लागतो, त्यावर पांढरे पट्टे लागतात, आणि 40 मीटर आधी पाटी लागते. तुमच्याकडे दोनच घमेली आहेत. उंची पूर्ण करा, रुंदी सोडून द्या. असा अरुंद गतिरोधक रात्री दिव्याशिवाय अजिबात दिसत नाही, त्यामुळे तो कोणालाच सोडत नाही: स्कूटरवर मागे बसलेल्या आईला नाही, मणक्याचं ऑपरेशन झालेल्या काकांना नाही, आणि अँब्युलन्सलाही नाही. तुमच्याच इमारतीतल्या पेशंटला घेऊन जाताना अँब्युलन्स तिथे जवळजवळ थांबते, पुढची चाकं उतरवते, मग मागची. तेवढ्या वेळात खिडकीतून हात हलवून निरोप देता येतो.

नळाच्या लाइनला थेट मोटर लावण्याबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना येतं. बेकायदा आहे, आणि समोरच्याने लावलीय म्हणून आपल्यालाही लावावी लागते. समोरचाही नेमकं हेच सांगतो. पाण्याला मीटर बसवायला कोणी आलं तर मात्र एकजूट दाखवा.

आतापर्यंत रस्ता बऱ्यापैकी तुमचा झालेला असेल. इथे एक नाजूक जागा येते, तिथे नीट लक्ष द्या. रस्त्यावर खड्डा पडला की त्याच क्षणी मालकी सोडायची. कुंडी, साखळी, कव्हर, रॅम्प आणि गतिरोधक यांच्यापुरता रस्ता आपला, खड्डा सरकारचा. सरकार पण एक नसतं, ही तुमच्या फायद्याची गोष्ट. खड्डा महापालिकेचा, पीएमआरडीएचा (म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा), सार्वजनिक बांधकाम खात्याचा की राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, हे ठरवता ठरवता तो बुजायच्या ऐवजी मोठा होतो. 2021 च्या 30 जूनला पुण्याच्या हद्दीत एकदम 23 गावं आली. तिथल्या कित्येक खड्ड्यांना ही बातमी अजून पोचलेली नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने माणूस गेला तर वारसांना 6 लाख, आणि जखमी झाला तर 50 हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्या, असं सांगितलं. जबाबदार अधिकारी आणि ठेकेदाराकडून वसूल करा, असंही सांगितलं. वाचून मन भरून येतं. फक्त कोर्टात कोणी तुमच्या गतिरोधकाचा विषय काढू नये, म्हणून त्याच्यावरचा चुन्याचा पट्टा वेळीच पुसून टाका. पट्टा नसला की तो गतिरोधक कोणी केला हे सिद्ध होत नाही. पट्टा नसला की तो दिसतही नाही, पण एका वेळी एकच काम होतं.

नगरसेवकाकडे जायचा सल्ला कोणी देईल. पुण्यात मार्च 2022 ते जानेवारी 2026, म्हणजे जवळपास चार वर्षं, नगरसेवक हा प्रकारच नव्हता, प्रशासक होते. त्या काळातही रॅम्प झाले, कुंड्या वाढल्या, फ्लेक्स लागले. वाढदिवस तर जरा जास्तच झाले. लोकप्रतिनिधींवाचून आपलं काही अडत नाही, याचा याहून भक्कम पुरावा आणखी कुठला हवा?

अतिक्रमण विभागाचा ट्रक एखाद्या दिवशी येईलच. तेव्हा गडबडून जाऊ नका. सोसायटीच्या लेटरहेडवरचा तक्रार अर्ज तयार ठेवा, विषय: ‘गेटजवळ बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींमुळे फूटपाथवरून चालणे अशक्य झाल्याबाबत.’ मावशी पंधरा वर्षं तिथे बसतात. त्यांच्याकडे 2014 च्या पथविक्रेता कायद्याखालचं प्रमाणपत्र आहे, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून, मेथीच्या जुडीखाली. त्या ते काढून दाखवू लागतील. साहेब चष्मा शोधेपर्यंत तुम्ही पुढे व्हा आणि चहाचं विचारा. तुमचा रॅम्प साहेबांना दिसणार नाही, कारण ते त्याच्यावरच उभे असतील.

मावशींची हातगाडी जड असते, वजनकाटा आणि बटाट्यांसकट चार माणसांना उचलत नाही. ट्रकवाला मग ट्रक मागे घेईल, फळका रॅम्पच्या वरच्या टोकाला लावेल आणि हातगाडी त्याच्यावरून सरळ ढकलत आत नेतील. नेऊ द्या. सार्वजनिक कामाला आपली खासगी मालमत्ता वापरल्याबद्दल लगेच भाडं मागू नये, बरं दिसत नाही.