तुरुंग आणि घोडा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार बाई,

'तुरुंग' हा शब्द पोर्तुगीजमधून आला, असं परवाच्या शब्द-टिपणात मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ऐरोलीत इतकी वर्षं संस्कृत शिकवलेल्या बाईंनी वेळ काढून एवढं लिहिलं, तेव्हा नुसते आभार मानून भागणार नाही. नीट उत्तर देतो.

तुमचे आक्षेप तीन. ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी १७३९ साली घेतला हे मी लिहिलेलं साल चुकीचं आहे. 'तुरुंग' हा शब्द पोर्तुगीज नाही, तर 'तुरंग' म्हणजे घोडा, त्याला कोंडायची जागा ती तुरुंग. आणि रोज असे चिमूटभर तुकडे वाटून कुणाला ज्ञान होत नाही.

सालाबद्दल तुमचं पूर्ण बरोबर. ठाणं हाती आलं १७३७ मध्ये, पोर्तुगीजांविरुद्धच्या वसई मोहिमेच्या सुरुवातीलाच. वसई पडली ती मे १७३९ मध्ये. मी न पडताळता दोन्ही एका सालात घातली. टिपण दुरुस्त केलं आहे. आमच्या नौपाड्यातल्या इमारतीच्या फाटकापाशी जो फळा आहे, टिपण आधी तिथं लिहितो, त्यावरही आज सकाळी 'चूक दुरुस्ती' असं ठळक लिहून साल घातलं. चूक जिथं वाचली गेली तिथंच ती दुरुस्त झालेली दिसायला हवी.

घोड्याचं मात्र पटत नाही. 'तुरंग' म्हणजे वेगानं जाणारा, हे तुम्हीच शिकवलेलं. पण घोडे बांधायच्या जागेला संस्कृतात मंदुरा, अश्वशाला. मराठीत पागा, तबेला. तिला 'तुरुंग' म्हटल्याचं माझ्या वाचनात कुठंच नाही. मधली ही पायरीच नसेल तर घोड्यावरून कैद्यापर्यंत पोचायचं कसं? उरतं ते उच्चाराचं साम्य, आणि नुसत्या साम्यावर शब्दाचं कूळ ठरवू नये.

आता दुसरी बाजू बघा. पोर्तुगीजमध्ये 'त्रोंकु' म्हणजे झाडाचं खोड. गुन्हेगाराचे पाय ज्या लाकडी ओंडक्यात अडकवायचे त्यालाही त्रोंकु, आणि पुढं कैदखान्यालाही तेच नाव. आणि आपण काय केलं? खोडावरूनच 'खोडा' केला! पायात खोडा घालणे हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो आणि त्यातलं लाकूड विसरतो. दोन भाषा एकमेकींना न विचारता त्याच ओंडक्यापाशी पोचल्या, ही मला या शब्दातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. फळ्यावर 'खोडा' लिहिला त्या दिवशी दूध टाकायला येणारे दादा कॅन खाली ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "गावाकडं ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणं बांधतात, हे त्याच्यातलंच." शब्द वेगळा, पण लाकूड तेच.

उच्चाराचंही जमतं. सुरुवातीचा 'त्र' जिभेला जड, म्हणून मध्ये 'उ' शिरला. शेवटचा स्वर गळाला, जसा 'अफोंसु'चा हापूस होताना गळाला. शिवाय शेजार बघा. कोकणीत तुरुंग आहे, गुजरातीत तुरंग आहे. हिंदीत मात्र जेल, कारागार, कैदखाना. आणि पार मलाक्काकडे, म्हणजे आजच्या मलेशियातलं जे बंदर पोर्तुगीजांनी १५११ मध्ये जिंकलं, तिथल्या मलय भाषेत कैदखान्यासाठी 'तरुंकू' असाही शब्द आहे. दोन्ही किनाऱ्यांवर गलबतं एकाच देशाची लागली होती.

हा शब्द मी ठाण्यात राहून लिहितो त्यालाही कारण आहे. कोर्ट नाक्याकडे गेलं की मध्यवर्ती कारागृहाची जी काळ्या दगडाची भिंत दिसते, तो पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला. पोर्तुगीज गेले, मराठे आले, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो घेतला. त्याच किल्ल्यात इंग्रजांनी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळ्यांना कैदेत ठेवलं होतं. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई नेमले, म्हणजे कुणी फितायला नको. पण खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा एक मोतद्दार गाणी म्हणायचा. बाहेर माणसं आणि घोडी कुठं तयार आहेत, याचा निरोप त्या गाण्यांतून जायचा. पहारेकऱ्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटले. बाई, ठाण्याच्या तुरुंगाशी घोड्याचं नातं आहे ते हे, आणि ते व्युत्पत्तीपेक्षा कितीतरी खरं आहे.

पोर्तुगीज म्हटल्यानं मराठीला उणेपणा येतो, असा सूर तुमच्या लिहिण्यात जाणवला. मला तसं वाटत नाही. चावी, घमेलं, पिंप, लिलाव, पगार हे शब्द आपण इतके घोळवले आहेत की त्यांना आता लिस्बनमध्ये कुणी ओळखणार नाही.

तिसऱ्या आक्षेपाचं एवढंच म्हणतो, की चिमटीत मावेल एवढंच मी देतो, कारण फळ्यापाशी माणूस लोकल गाठायच्या घाईत असतो. त्यात 'का' असलं पाहिजे, ही तुमची अट मात्र योग्य आहे. परवाच्या टिपणात शब्दाबद्दल मी 'तुरुंग हा पोर्तुगीज शब्द' एवढंच लिहून थांबलो होतो. खोड, खोडा आणि मलाक्का तेव्हाच यायला हवे होते. उद्याच्या फळ्यावर 'खोडा' पुन्हा घेतो आहे, या वेळी कारणासकट. घोड्यांच्या जागेला 'तुरुंग' म्हटल्याचा एखादा जुना दाखला तुमच्या वाचनात असेल तर जरूर कळवा. तोही त्याच फळ्यावर लिहीन.